फ्लॅशचे सेल व बल्ब : नगर जिल्ह्यातील जुन्या छायाचित्रणाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

छायाचित्रणाच्या इतिहासाविषयी मराठीत जे थोडेबहुत लेखन झाले आहे, त्यात कॅमेऱ्यास आणि छायाचित्रकारास मानाचे पान मिळते. प्रकाश पाडणाऱ्या साधनास मात्र पंक्तीबाहेर बसावे लागते. वस्तुतः रात्री किंवा घराच्या आत घेतलेल्या प्रत्येक जुन्या छायाचित्रामागे असे एखादे साधन उभे असते. प्रस्तुत टिपणात या साधनाच्या दोन नाशवंत अंगांचा, म्हणजे सेलचा व बल्बचा, विचार करावयाचा आहे. क्षेत्र अहमदनगर जिल्ह्याचे घेतले आहे. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. परंतु ज्या काळाविषयी येथे लिहावयाचे आहे त्या काळी, आणि बोलण्यात आजही, तो 'नगर'च होय. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अशा या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात जुन्या छायाचित्रकारांच्या घरच्या फडताळांतून अद्यापही फ्लॅशच्या पेट्या निघतात. पंख्याप्रमाणे उलगडणारी चकचकीत पत्र्याची थाळी, खाली मुठीएवढी पेटी, कॅमेऱ्यास जोडण्याची वायर, आणि सेलच्या जागी पांढरा-हिरवा क्षार, असे तिचे रूप असते. ही पेटी पुन्हा चालविता येईल काय, आणि येत असल्यास चालवावी काय, हे दोन प्रश्न ती हाती आली की उभे राहतात. पहिला प्रश्न विजेचा वाटतो, पण तो बऱ्याच अंशी भाषेचाही आहे. दुसरा सर्वस्वी इतिहासाचा आहे.

प्रथम या साधनाची गरज का पडली ते पाहू. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी खेड्यापाड्यांत वीज पोचली. तोवर लग्नमंडपात, जत्रेत आणि तमाशाच्या तंबूत प्रकाश असे तो गॅसबत्तीचा. गॅसबत्तीच्या उजेडात माणसे ओळखू येतात, जेवणाची पंगत उठते, वगही रंगतो. परंतु त्या काळच्या फिल्मला तो उजेड पुरत नसे. त्यात आपल्याकडील गोरज मुहूर्त. सूर्य मावळून गायी घरी परतण्याच्या वेळी मंगलाष्टके संपतात, अंतरपाट खाली जातो आणि वधूवरांच्या हातांतील माळा एकमेकांच्या गळ्यात पडतात. छायाचित्रकारास जो क्षण हवा, तो नेमका उजेड सरल्यानंतर येतो आणि दोन-तीन सेकंदांत जातो. पुन्हा माळ घालावयास सांगण्याची सोय नाही. (हल्ली तीही झाली आहे, हा भाग निराळा.)

अंधारावर उपाय म्हणून पूर्वी मॅग्नेशियम जाळीत. १८८७ साली जर्मनीत अडोल्फ मीथे व योहानेस गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे झटकन पेटणारे मिश्रण तयार केले. न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांतील रात्रीचे जीवन जेकब रीस याने याच सुमारास अशा पुडीच्या उजेडात टिपले व त्यावरील त्याचे पुस्तक १८९० साली प्रसिद्ध झाले. ही पूड म्हणजे एका परीने शोभेच्या दारूचीच बहीण. आपल्या दारूकामातील चंद्रज्योत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस तिची कल्पना सहज येईल. मांडवाखाली, कापडी छताशेजारी आणि नऊवारी लुगड्यांच्या गर्दीत अशी दारू उडविणे किती जोखमीचे होते हे सांगावयास नको.

ही जोखीम बल्बने दूर केली. १९२९ साली जर्मनीत 'व्हॅक्युब्लिट्झ' या नावाचा पहिला फ्लॅशबल्ब विक्रीस आला. पुढच्या वर्षी इंग्लंड-अमेरिकेतही असे बल्ब निघाले. काचेच्या गोळ्यात प्राणवायू भरलेला, त्यात अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ वर्ख किंवा बारीक तार चुरगळून कोंबलेली, आणि मधोमध ठिणगी पाडणारा तंतू, ही त्याची रचना. पुढे अॅल्युमिनियमच्या जागी झिर्कोनियम आले व बल्ब बोराएवढा लहान झाला. सेलचा प्रवाह तंतूतून गेला की आतील धातू पेट घेतो आणि सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात सारे आटोपते. काच तडकून तुकडे उडू नयेत म्हणून बाहेरून लाखेसारखा लेप दिलेला असतो. उडालेला बल्ब पांढुरका, फोडासारखा सुजलेला दिसतो आणि तो टाकून द्यावयाचा असतो.

येथे मराठीतील एका क्रियापदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. घरातील दिव्याविषयी 'बल्ब उडाला' असे आपण म्हणतो तेव्हा तो निकामी झाला, असा अर्थ असतो. फ्लॅशविषयी तेच वाक्य उच्चारले की काम फत्ते झाले, असा अर्थ होतो. एकाच क्रियापदाने एके ठिकाणी हानी आणि दुसऱ्या ठिकाणी सिद्धी दर्शवावी, आणि तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ नये, हे प्रसंगाचे बळ होय. पण त्यातील दुसरा अर्थही पुरता शुद्ध नाही, कारण फ्लॅशबल्बाची सिद्धी हीच त्याची हानी असते. एक बल्ब, एक चित्र. १९५७-५८च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई होऊन आयातीवरील नियंत्रणे कडक झाली, त्या दिवसांत परदेशी मालावर अवलंबून असलेल्या तालुक्याच्या छायाचित्रकारास हा हिशेब किती जाचला असेल याची कल्पना करता येते. लग्नाच्या जुन्या संग्रहात दिवसा उजेडी काढलेली चित्रे पुष्कळ आणि रात्रीची मोजकी का असतात, याचे एक कारण येथे आहे. कोणता क्षण बल्बाच्या लायकीचा, हे आधी ठरवावे लागे. आणि ती निवड आज आपल्यापुढे घराण्याची स्मृती म्हणून येते.

आता सेलकडे वळू. आरंभीच्या फ्लॅशमध्ये हातबत्तीचे दीड व्होल्टचे दोन-तीन सेल घालीत व त्यांचा प्रवाह थेट बल्बातून सोडीत. नव्या सेलवर हे चाले. सेल थोडा उतरला, किंवा पत्र्याच्या जिभेवर गंज चढला, की बल्ब उडत नसे. आणि हे कळे ते क्षण निघून गेल्यावर. म्हणून दुसरी रचना आली. तीत साडेबावीस किंवा पंधरा व्होल्टचा छोटा सेल एका रोधकातून कंडेन्सर हळूहळू भरतो. शटर दाबताच कंडेन्सरमधील सारा साठा एकदम बल्बातून वाहतो. डोंगरातील झऱ्याचे पाणी टाक्यात साठवून मग एकदम सोडावे, तसा हा प्रकार. येथे सेलवर ताण पडत नाही, त्यामुळे तो जुना असला तरी काम देतो. कित्येकदा तर वर्षानुवर्षे कोणी तो बदललेलाच नसतो, आणि अनर्थाचे मूळ तेच आहे. जस्त-कार्बनच्या सेलमध्ये जस्त हेच धातुपात्र आणि तेच विजेचे एक टोक. वीज देता देता जस्त खाल्ले जाते, पात्रास भोके पडतात आणि आतील नवसागराचा ओलसर लगदा बाहेर येऊन पितळेच्या पट्ट्या कुरतडतो.

हा साडेबावीस व्होल्टचा सेल आज तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. तो मागावयास गेलेल्या माणसाची पहिली अडचण शब्दाची असते. मराठीत 'बॅटरी' म्हणजे हातबत्ती. 'बॅटरी घेऊन ये' असे सांगितले असता कोणी सेल आणून देत नाही, दिवाच आणतो. इंग्रजीत हा शब्द मूळचा तोफांच्या रांगेचा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने तो विद्युत साठविणाऱ्या काचपात्रांच्या रांगेस लावला, आणि पुढे अनेक विद्युतघटांच्या समूहास तो रूढ झाला. आपल्याकडे समूहावरून तो समूह ज्यात बसतो त्या दिव्यावर सरकला. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही आधार-आधेय संबंधाची लक्षणा होय. आतील घटकासाठी मग 'सेल' हा दुसरा शब्द घेतला गेला. मात्र मोटारीच्या बाबतीत 'बॅटरी' मूळ अर्थानेच राहिली. परिणामी 'फ्लॅशची बॅटरी' या शब्दसमूहाने एक दुकानदार फ्लॅशची पेटी समजतो, दुसरा मोबाइलच्या उजेडासंबंधी काही तरी समजतो. गंमत अशी की शास्त्रीय दृष्टीने आपला हातबत्तीचा 'सेल' हा खरोखरच एकच घट असतो, आणि फ्लॅशमधील चपट्या डबीस मात्र 'बॅटरी' हे नाव अक्षरशः शोभते. कारण तिच्या पोटात पंधरा घट एकावर एक रचलेले असतात.

दुसरी अडचण सेलच्या पाठीवरील नावाची. हाच साडेबावीस व्होल्टचा सेल अमेरिकन एव्हरेडीच्या यादीत '४१२' आहे, इंग्रजी एव्हर रेडीच्या यादीत 'बी १२२' आहे, आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीत '१५एफ२०' आहे. एकाच वस्तूची ही तीन नावे पाहून सामान्य माणूस गोंधळतो. व्याकरणाचा अभ्यासक मात्र सुखावतो. आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद केले आहेत. अवयवांवरून ज्याचा अर्थ कळतो तो यौगिक. अवयव पाहून काहीच कळत नाही, केवळ व्यवहाराने ज्याचा अर्थ ठरतो, तो रूढ. या दृष्टीने '४१२' व 'बी १२२' ही नावे रूढ होत. ज्या कंपनीची यादी जवळ असेल त्याच्यापुरताच त्यांना अर्थ. यादी हरवली की नाव मुके होते. '१५एफ२०' हे मात्र यौगिक आहे. 'एफ' म्हणजे चपटा घट. त्याच्या आधीचा आकडा एकापुढे एक जोडलेल्या घटांची संख्या सांगतो आणि नंतरचा आकडा घटाचे माप सांगतो. पंधरा घट, प्रत्येकी दीड व्होल्ट, म्हणजे साडेबावीस. पंधरा व्होल्टच्या सेलचे नाव '१०एफ१५', म्हणजे दहा घट. नियम एकदा कळला की यादीची गरज उरत नाही.

हे व्याकरण केवळ जुन्या मालाचे नव्हे. नगरच्या कोणत्याही विजेच्या दुकानात नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मिळतो. त्यावर बहुधा '६एफ२२' असे छापलेले असते. सहा चपटे घट, सहा वेळा दीड, नऊ. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला 'चौकोनी सेल' म्हणतात, नावाचा अर्थ कोणी लावीत नाही. अवयवार्थ जिवंत असूनही नाव एकाच वस्तूस चिकटले आहे, तेव्हा 'पंकज' या शब्दाप्रमाणे ते योगरूढ म्हणावयास हरकत नाही. मोटारीच्या किल्लीत व बिनतारी घंटेत बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब असा बारा व्होल्टचा जो सेल असतो, त्याला 'ए २३' म्हणतात. तेही रूढ नाव. त्याचे यौगिक नाव '८एलआर९३२'. आठ घट, 'एल' म्हणजे अल्कलाइन जातीचे, 'आर' म्हणजे गोल.

घटांची संख्या वाचता आली की पर्याय आपोआप सुचतो. बारा व्होल्टचे दोन छोटे सेल जोडले असता चोवीस व्होल्ट होतात. साडेबाविसाहून दीडच जास्त. कंडेन्सरमधील साठा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो सातव्या हिश्श्याने वाढेल, एवढेच. चांगला कंडेन्सर ते सहन करतो. दोन चौकोनी सेल जोडले तर अठराच व्होल्ट होतात आणि साठा सुमारे चौसष्ट टक्क्यांवर येतो. पुष्कळदा तेवढ्यानेही बल्ब उडतो, पण खात्री नाही. त्यात घड्याळाच्या बटणासारखे दीड व्होल्टचे तीन सेल घातले की हिशेब नेमका साडेबाविसाचा जमतो. तीन चौकोनी सेल जोडण्याचा मोह मात्र टाळावा. सत्तावीस व्होल्ट कित्येक जुन्या कंडेन्सरांच्या मर्यादेपलीकडे जातात, आणि ती जागाही पेटीत नसते. बारा व्होल्टचे सेल बाजूबाजूस ठेवून एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकास पितळी पट्टीने जोडावे, आणि लांबी भरून काढण्यास लाकडाचा तुकडा घालावा. धन-ऋण बाजू पेटीतील खुणेप्रमाणेच असली पाहिजे; सर्व पेट्यांत ती एकसारखी नसते, आणि उलटी लागली तर कंडेन्सर जातो.

सेल घालण्यापूर्वी पेटी स्वच्छ करणे आले. जस्त-कार्बन सेलचा गळ आम्ल प्रकृतीचा असतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडविलेल्या कापसाने तो निघतो. अल्कलाइन सेलचा गळ नावाप्रमाणेच उलट प्रकृतीचा, त्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालतो. पन्नास-साठ वर्षांचा कंडेन्सर बहुधा वाळलेला वा गळका असतो; तो बदलणे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे दहा मिनिटांचे काम आहे. पहिली परीक्षा बल्बावर करू नये. हातबत्तीचा लहान दिवा लावून पाहावा. तो लुकलुकला की पुरे.

पुढच्या पिढीच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा विचार येथे केलेला नाही. त्यातील नळी हजारो वेळा उजळते, म्हणून बल्बाचा प्रश्नच नाही. एक सूचना तेवढी देतो. त्या जुन्या पेट्यांच्या वायरीत कधी कधी दोन-अडीचशे व्होल्ट असतात. त्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यास जोडणे म्हणजे कॅमेऱ्यास मुकणे होय.

सेलचा प्रश्न असा सुटतो. बल्बाचा सुटत नाही. सेलच्या बाबतीत नाव कळले की वस्तूचा पर्याय सापडला, कारण व्होल्ट ही कोणाच्या मालकीची गोष्ट नव्हे. बल्ब मात्र तोच हवा. प्रारंभीचे काही बल्ब घरगुती दिव्याप्रमाणे पेचाचे, नंतरचे खुंटीचे, नंतर फिलिप्सच्या 'पीएफ १' प्रमाणे टोपीवाचून नुसत्या तारांचे, १९५८ नंतरचे 'एजी १' सर्व काचेचे. १९६५ साली चार बल्बांचा चौकोनी ठोकळा निघाला, आणि १९७० साली तर खिळ्याच्या आघाताने पेटणारा, सेलची मुळीच गरज नसलेला ठोकळा आला. एकाची जागा दुसऱ्याच्या खोबणीत बसत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश स्वस्त झाल्यावर या मालाचे कारखाने एकेक करून बंद पडले. जे उरले आहे ते जुन्या साठ्यांतील. नगरच्या माणसास त्यासाठी पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार किंवा फोर्टमधील बोराबाजार यांच्या वाऱ्या कराव्या लागतात. आणि पहिली वारी खरे तर स्वतःच्याच तालुक्यातील बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागल्या खोलीत करावी. कित्येक बल्बांच्या आत निळा ठिपका असतो. तो निळा असेल तर बल्ब शाबूत आहे. कोबाल्टच्या क्षाराचा हा ठिपका ओल लागताच गुलाबी होतो; तसे झाले असेल तर काचेस भेग पडून हवा आत शिरली आहे असे समजावे. असा बल्ब फुटण्याचा संभव असतो, तो लावू नये.

उरलेल्या चांगल्या बल्बांचे काय करावे? एक मत असे की ते सारे जसेच्या तसे जपावेत. ते मला पटत नाही. ओ. विन्स्टन लिंक याने १९५५ ते १९६० या वर्षांत अमेरिकेतील वाफेच्या आगगाड्या शेवटच्या धावत असताना रात्री अनेक बल्ब एकदम उडवून टिपल्या. आज लोक ती चित्रे जपतात. बल्ब जपले असते तर चित्रे नसती. वापरल्यावाचून ज्याचा गुण कळत नाही अशा वस्तूचा इतिहास केवळ कपाटात ठेवून सांगता येत नाही. तथापि प्रत्येक जातीचा एक नग, वेष्टनासह, न उडविलेला राहिला पाहिजे. त्यासाठी १९६० साली स्थापन झालेले नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय हे योग्य स्थान आहे. बाकीचे उडवावेत, पण जुन्याच कॅमेऱ्याने, जुन्या लग्नचित्रांतील अंतरे डोळ्यांपुढे ठेवून, आणि प्रत्येक चित्राची नोंद करून.

वेष्टनाचा आग्रह धरण्याचे कारण असे की त्यावर एक कोष्टक छापलेले असते. त्यात प्रत्येक फिल्मसाठी एक अंक दिलेला असतो. अंतराच्या फुटांनी त्याला भागले की भिंगाचे छिद्र किती ठेवावे ते निघते. अंक एकशे दहा आणि अंतर दहा फूट, तर छिद्र अकरा. छायाचित्रकार हा भागाकार मंगलाष्टके चालू असताना मनातल्या मनात करीत. पण प्रकाशाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर. वधूवरांसाठी दहा फुटांचा हिशेब जमला की वीस फुटांवरची माणसे काळवंडतात व तीस फुटांवरची जवळजवळ नाहीशी होतात. जुन्या चित्रात वधूवर, भटजी व मामा लखलखीत दिसतात, आणि मागे नुसता अंधार. तेथे कोणी नव्हते, असा अर्थ पुष्कळ जण करतात. तेथे बहुधा सर्व गाव उभे असते. बायका, लहान मुले, वाजंत्री आणि गॅसबत्ती डोक्यावर धरून उभा राहिलेला माणूस. निगेटिव्ह मिळाल्यास त्यावरून पुन्हा छाप काढताना मागला भाग जास्त उजळविता येतो, आणि मुंडाशी, पदर व चेहऱ्यांच्या कडा हळूहळू वर येतात. छापील प्रतीवरून तितके साधत नाही. जिल्ह्यातील जुने स्टुडिओ बंद होताना पेट्या व बल्ब भंगारात जातात, तशा निगेटिव्हही जातात. त्या काळच्या लग्नांत वऱ्हाडी म्हणून हजर असलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्या कडांवरून नावे सांगू शकतील अशी तीच; आणि हे विचारण्याचे काम विभागाच्या विद्यार्थ्यांनी पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांपासून सुरू करावे, अशी माझी सूचना आहे.